माझ्यात अडकलेला आवाज

मित्रांनो, मी एका जुन्या गेमिंग लॅपटॉपचा मदरबोर्ड आहे. लॅपटॉपचं खालचं झाकण काढलं की आत जी काळी पाटी दिसते, ती मी. प्रोसेसर, पंखे, डिस्क, पडदा, सगळ्यांना वीज माझ्याच अंगावरून मिळते.

एका कारखान्यात यंत्रांनी माझ्यावर तांदळाच्या कणीएवढे शेकडो भाग बसवले. पुढे मी नागपुरात, मनीषनगरच्या गुंजनकडे आलो. दिवसभर नोकरी करून ती संध्याकाळी माझ्यावर गाड्यांच्या शर्यती खेळे. तिच्या मैत्रिणी माझा वेग पाहून थक्क होत, आणि मला फार बरं वाटे. उन्हाळ्यात मात्र ती मला थेट कूलरसमोर ठेवी. तो गार, ओला वारा तिला सुखाचा होता. माझ्या अंगावर धुळीचा आणि ओलीचा थर चढत गेला. आत एकदा पाहावं, असं कुणालाच सुचलं नाही.

गुंजनचे वडील नत्थूजी नागपूरलगतच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात माल उतरवून घेत. ट्रक मागे घेताना त्यांची हाक इंजिनाच्या घरघरीतूनही ड्रायव्हरला ऐकू जाई. बिडी आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा दोन्ही कधी सुटले नाहीत, आणि घशात कॅन्सर झाला. स्वरयंत्र काढावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं.

ऑपरेशनच्या आधी गुंजनने खेळायचा, माइकवाला हेडफोन त्यांच्या डोक्यावर चढवला आणि त्यांच्याकडून वाक्यांमागून वाक्यं वाचून घेतली. त्या रेकॉर्डिंगवरून आवाज घडवून पुढे नत्थूजींनी मोबाइलवर लिहायचं आणि मोबाइलने ते त्यांच्याच आवाजात बोलायचं, असं तिला करायचं होतं. ते सगळं रेकॉर्डिंग माझ्या डिस्कवर राहिलं. धावपळीत दुसरी प्रत करायची राहून गेली.

नत्थूजी वाचले. आवाज गेला. ते घरी आल्यावर गुंजनने मोठ्या आशेने माझं बटण दाबलं. माझ्या अंगात टक् असं काहीतरी झालं आणि सगळीकडे अंधार पसरला.

पहिल्या दुकानात बोर्ड बदलायला सांगितलं. मग बापलेक मला घेऊन नूपुरच्या छोट्या दुरुस्ती केंद्रात आले.

"बोर्ड बदला किंवा काहीही करा, मले फक्त डिस्कमधलं पाहिजे," गुंजन म्हणाली.

नूपुरने डिस्क दुसऱ्या मशीनला जोडून पाहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"डिस्कला कुलूप आहे. त्याची किल्ली या बोर्डावरच्या प्रोसेसरमध्ये असते. बोर्ड बदलला, तर हे कधीच उघडणार नाही. कुलूप उघडायचा मोठा आकडा तुमच्याकडे आहे का?"

"तो जुन्या खात्यात होता. ते खातं आता उघडूनच नाही राहिलं."

नूपुरने मीटरच्या दोन सुया माझ्यावर टेकवल्या. चार्जरच्या तोंडाशी वीज होती, पुढे नव्हती. तिने मुख्य वाट तपासली आणि मीटर एकसारखा वाजू लागला. शॉर्ट होता. माझा कुठलातरी भाग जळून सगळी वीज वाटेतच गिळत होता.

"तो भाग डोळ्यांना दिसत नाहीये," नूपुर म्हणाली. "मी बाहेरून थोडी वीज देईन. खराब भाग तापेल आणि सापडेल. पण शॉर्ट जर प्रोसेसरच्या वाटेवर असेल, तर वीज आत घुसून तोच जळेल. मग किल्लीही गेली."

"मग नको न, ताई. दुसरीकडे दाखवू."

"दाखवा. कुठेही हेच करावं लागेल." नूपुर नत्थूजींकडे वळली. "काका, आवाज तुमचा आहे. काय करू?"

नत्थूजींनी मोबाइलवर काही लिहिलं आणि पडदा दोघींसमोर धरला. ‘कर बेटा. बंद पेटीत ठेवून तरी काय करू?’

नूपुरने घाई केली नाही. आधी प्रोसेसरच्या वाटेवरचा एकेक भाग सुया लावून तपासला. मीटर गप्प राहिला, तेव्हा तिने मला वीज जोडली, अगदी कमी. तापलेल्या भागावरचं आधी उडेल म्हणून माझ्यावर स्पिरिटचे थेंब पसरवले आणि वीज हळूहळू वाढवली. गुंजनने वडिलांचा हात घट्ट धरला होता. मला काहीच करता येत नव्हतं. कुठूनतरी ऊब चढत होती आणि ती प्रोसेसरच्या दिशेने जाते आहे की काय, या भीतीने मी गारठलो होतो.

एका कोपऱ्यातलं स्पिरिट अचानक उडून गेलं. तिथे, धुळीच्या थराखाली, वीज साठवणारा एक इवलासा कपॅसिटर होता. नूपुरने गरम हवेने तो उचलून काढला आणि पुन्हा मीटर लावला. आता तो वाजला नाही.

चार्जर जोडला. दिवा लागला, पंखा फिरला आणि थांबला. गुंजन उठायला लागली, तर नूपुरने तिला हातानेच बसवलं. पंखा पुन्हा फिरला. बऱ्याच वेळाने पडदा उजळला, आणि कुलूप आपोआप उघडलं.

"आधी प्रत," नूपुर म्हणाली, आणि सगळं रेकॉर्डिंग दोन ठिकाणी उतरवून घेतलं. मग गुंजनने एक फाइल लावली. नत्थूजींचा खणखणीत आवाज दुकानात घुमला. ते एक साधं वाक्य वाचत होते, मध्येच थांबले.

"काहून रडून राहिली वं, गुंजन? रेकॉर्डिंग चालू आहे न. डोळे पूस अन् पुढचा कागद दे."

खुर्चीतल्या नत्थूजींनी खिशातून रुमाल काढून लेकीच्या हातात दिला.

मित्रांनो, नूपुरने मला स्वच्छ पुसून नवा कपॅसिटर बसवला आहे, पण आम्ही यंत्रं कधी थांबू ते आम्हालाही कळत नाही. आम्हाला धुळीपासून आणि ओलीपासून जपा. आणि जे हरवलं तर पुन्हा मिळणार नाही, ते एकट्या माझ्यासारख्याच्या भरवशावर ठेवू नका. त्याची दुसरी प्रत आजच करा.