ह्यांनी जोडलेला कॉम्प्युटर

माझ्या सुनेचं कौतुक मी करणार. कुणाला ऐकायचं नसेल त्याने खुशाल कान झाकावेत.

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून आमच्या ह्यांची जीभ उचलत नव्हती आणि उजवा हात लुळा पडला होता. डोकं मात्र ठणठणीत. काय हवं-नको ते मी ओळखायची आणि सगळ्यांना सांगायची. डाव्या हाताने काढलेली अक्षरं त्यांची त्यांनाच लागत नव्हती, फोनवर बोट भलतीकडेच पडायचं. मोठा कीबोर्ड तेवढा जमण्यासारखा होता, पण ह्यांनी सुटे भाग आणून स्वतः जोडलेला तो कॉम्प्युटर नेमका बंद पडलेला. मुलगा म्हणाला, "नवा घेऊन टाकू." ह्यांनी अशी मान हलवली की त्याने तो विषयच सोडला.

"आई, मशीन चांगलं आहे, आतली सिस्टिम बिघडलीय," सून म्हणाली. "लिनक्स म्हणून दुसरी सिस्टिम असते, ती टाकून बघते."

तिने पेनड्राइव्ह तयार केला, कॉम्प्युटरच्या डब्याला पुढच्या बाजूने खोचला, बटण दाबलं. काळा पडदा आणि त्यावर एक ओळ: चालू करण्यासारखं काही सापडलं नाही. सेटिंगमध्ये जाऊन तिने पेनड्राइव्हचा नंबर पहिला लावला. तेच. पेनड्राइव्ह नव्याने लिहिला. तेच. दुसरा आणला. तेच! तिच्या लॅपटॉपवर मात्र तोच पेनड्राइव्ह झटक्यात चालला. "म्हणजे दोष ह्याचा नाही," एवढंच म्हणाली, कपाळावर आठीसुद्धा नाही. मी असते तर डबा उचलून बाहेर भिरकावला असता.

तेवढ्यात ह्यांनी टेबलावर थाप मारली आणि अंगठा खांद्यावरून मागे केला. मागे खिडकी. वारा लागत असेल म्हणून मी ती लावली. पुन्हा थाप, पुन्हा अंगठा. उघडली. ह्यांचा चेहरा लालबुंद.

"अहो, लावू का उघडू, एकदाचं ठरवा ना!" माझाही पारा चढला.

सून खिडकीकडे बघतच नव्हती. ती ह्यांची नजर बघत होती, आणि नजर होती डब्यावर.

"बाबा, पेनड्राइव्ह मागे लावू?"

ह्यांनी डोळे मिटून मान डोलावली.

तिने डबा उघडला. पुढचे पोर्ट, म्हणजे पेनड्राइव्ह खोचायच्या खाचा, ह्यांनी मागाहून बसवलेल्या कार्डाला जोडलेले, आणि मशीन पुरतं सुरू झाल्याशिवाय ते कार्ड जागंच होत नव्हतं. मागचे पोर्ट थेट मुख्य बोर्डावर. पेनड्राइव्ह मागे लावला मात्र, लिनक्सची पाटी झळकली! मी टाळ्याच पिटल्या. एक माझा नवरा, एक माझी सून! ऊर कसा भरून आला, काय सांगू.

संध्याकाळपर्यंत तिने सगळं बसवलं, मराठी टायपिंगसुद्धा. कीबोर्ड ह्यांच्या डाव्या हाताशी सरकवून म्हणाली, "हं बाबा, बोला आता."

एकेक अक्षर उमटायला लागलं. मला वाटलं माझं नाव लिहितील, निदान सुनेला शाबासकी तरी.

"दूध पुरे. चहा दे."

इतके दिवस रोज सकाळी मी दुधाचा पेला ह्यांच्या ओठांना लावत होते, आणि येईल त्याला ठासून सांगत होते, "ह्यांना दूधच लागतं हो!" मला हसू फुटलं, आणि हसता हसता रडूच कोसळलं.

सून चहा टाकायला उठली, तर मी तिला हात धरून खाली बसवलं.

"चहा मी टाकते. तू वाच. ते अजून लिहितायत."