कोठीच्या रानातली येळवस

चौदा धुराडी आणि चूल एक. येरमाळ्याच्या पलीकडं, बालाघाटाच्या माथ्यावर मकंजीसाहेबानं दगडी कोठी बांधली त्याला पंधरा वर्षं होऊन गेली, तरी गंगम्माचा त्या धुराड्यांवरचा राग काही उतरला नव्हता. खोली तिथं भिंतीत शेकोटी. ज्या मुलखात वैशाखात शेळी लिंबाची सावली सोडत नाही, तिथं माणसानं खोलीखोलीतून शेकत बसायचं! धुराड्यांत कबुतरं नांदत होती, एवढाच काय तो त्यांचा उपयोग.

आणि ते गवत. कोठीपुढं साहेबानं दोन एकर गवत पेरलं होतं. गडी दोन वक्त पाणी घालायचे, बोटभर वाढलं की कापायचे, आणि कापलेलं खड्ड्यात टाकून द्यायचे. जनावराला घालायचं नाही! त्याच्या कडेनं मेंदीचं कुंपण, तेही कात्रीनं भादरलेलं. खाली ओढा अडवून केलेलं तळं. तळ्याच्या पलीकडं तीन कोसांचं शिकारीचं रान, तितरांसाठी, सशांसाठी, काळविटांसाठी राखलेलं. त्यात गावाच्या गाईनं पाय टाकला की कोंडवाड्यात.

साहेब विलायतेचा, पण त्याला इंग्रज म्हणलेलं खपत नसे. आम्ही स्कॉटलंडचे, आमचा मुलूख निराळा, असं तो छाती पुढं काढून सांगायचा. त्यातला फरक गंगम्माला कळत नव्हता आणि कळून घ्यायची तिला गरजही वाटली नव्हती. निजामाच्या मुलखात त्यानं पूल बांधले, पाट काढले. जहागीरदार खूश झाला आणि हा सगळा डोंगर त्यानं साहेबाला देऊन टाकला.

डोंगराबरोबर गंगम्माच्या सासऱ्याचं पाच एकर रानही गेलं असतं. म्हातारा जहागीरदाराच्या दाराशी तीन दिवस बसला. चौथ्या दिवशी जहागीरदारानं हसत हसत कौल लिहून दिला. दरसाल येळवशीला, मार्गशीर्षातल्या अमावस्येला, घरच्या बाईच्या हातची पूजा त्या रानात होत राहील, तोवर रान त्यांचं. एक साल खंड पडला, की रान कोठीत जमा.

पंधरा वर्षांत खंड पडला नव्हता. गंगम्मा एकदा अंगात ताप घेऊन गेली होती, एकदा थोरल्या सुनेच्या बाळंतपणातून उठून गेली होती. शिकारीच्या रानात मधोमध तिची पाच एकर ज्वारी उभी असायची, आणि साहेबाला ती डोळ्यांत कुसळासारखी सलायची. तिथं त्याला तितरांसाठी झुडपं लावायची होती. तितरांसाठी!

चाळीस सालचा मार्गशीर्ष. विलायतेत लढाई पेटलेली, त्यामुळं साहेबाला घरी जाता येत नव्हतं, आणि त्याचा सगळा ताप इथल्या लोकांच्या डोक्याला. येळवस आठ दिवसांवर असताना कोठीचे कारकून नारायणराव गंगम्माच्या ओसरीवर येऊन बसले. ते तुळजापूरचे, माणूस गरीब, पण बातमी कायम वाईटच आणायचे.

"गंगम्मा, जरा बोलायचं होतं."

"बोला की. तुमी आलाव म्हंजे कायतरी जळालंच आसंल."

"साहेबांकडं नाताळाचे पाहुणे येताहेत. हैदराबादेहून, सोलापुराहून. मोठी शिकार ठरली आहे. हाका घालायला गावातून साठ माणसं हवीत, वेठीनं."

"घ्या की. न्हाय म्हणायची सोय हाय का? कवा?"

नारायणरावांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. थंडीचे दिवस होते.

"अमावस्येला."

गंगम्मा शेंगा फोडत होती, ती थांबली. "येळवशीला?"

"आणि त्या दिवशी हाकाऱ्यांवाचून कुणी रानात पाऊल टाकायचं नाही, असा हुकूम आहे. पूजेची कडब्याची कोप उभी करायची नाही. पाखरं बुजतात म्हणे."

गंगम्माचा नवरा कल्याणप्पा कोपऱ्यात दोर वळत होता. तो हळूच म्हणाला, "मंग औंदा पूजा घरीच..."

"तुमी गप बसा हो!" गंगम्मा कडाडली आणि नारायणरावांकडं वळली. "तात्या, कौल तुमीच वाचून दावला व्हता न्हवं? मंग ह्यो डाव कुणाचा?"

"डाव नाही हो, गंगम्मा. साहेबांनी त्यांच्या कॅलेंडरात शनिवार बघितला आणि बोट ठेवलं. पण मी आठवण करून दिली, तर म्हणाले, खंड पडला तर पडला, रान मोकळं होईल."

"तीन म्हैन्याचं पीक हुबं हाय त्येच्यात. मोकळं व्हईल म्हणं!"

शेंगांची टोपली तिथंच टाकून ती उठली, पदर खोचला आणि कोठीकडं निघाली. मागं नारायणराव, त्यांच्या मागं कल्याणप्पा, हातात अजून दोर तसाच.

साहेब गुलाबाच्या ताटव्यात गुडघ्यावर बसला होता. उंच, लाल, मिशा पिकलेल्या. पंधरा वर्षांत तो दखनी बोलायला शिकला होता, पण बोलणं सगळं हुकमाच्या चालीवर.

"गंगम्मा. क्या है?"

"साहेब, शिकार एक दिवस फुडं घ्या. आमची येळवस हाय."

"नै होता. मेहमान निकल गये. तुम तुम्हारा पूजा आगे करो."

"तात्या, सांगा ह्यास्नी. आमावस्या काय माज्या बानं ठरवलीया?"

नारायणरावांनी तेच जरा सोवळं करून सांगितलं. साहेब उठला, गुडघ्याची माती झाडली आणि कोठीकडं हात केला. त्याच्या बापाची अशीच कोठी होती, असाच बाग, असंच शिकारीचं रान. दरसाल नाताळानंतरच्या पहिल्या शनिवारी बाप शिकार करायचा, त्याच्या आधी आजा करायचा; एक साल चुकलं नाही. मग बाप मेला, कोठी विकली, घेणाऱ्यानं छपराचं शिसं आणि लाकूड काढून नेलं, आता नुसत्या भिंती उभ्या आहेत. सांगताना साहेबाचा आवाज खाली आला. "मेरे हाथ से नै चूकेगा," तो म्हणाला.

गंगम्माला त्याचाच जास्त संताप आला. आता ह्याच्यावर नीट चिडताही येईना.

"बापाचं येवडं हाय, तर दुसऱ्याच्या बी सासऱ्याचं आसतंय, म्हणावं," ती नारायणरावांना म्हणाली.

साहेबानं मान हलवली. "हाका वाले आयेंगे. दूसरा कोई नै. बस."

परत येताना कल्याणप्पा म्हणाला, "साहेब कायबी म्हणू दे, पर मानूस..."

"मानूस, मानूस! त्येच्या बापाच्या कोठीचं छप्पर म्या काढलंय का?" ती तरातरा पुढं गेली आणि तळ्याच्या बांधावर एकदम थांबली. "तात्या, हाकारे जात्यात न्हवं रानात?"

"साठ."

"बाईमाणसानं हाका घालू ने आसं लिवलंय कुटं?"

नारायणरावांनी आधी तिच्याकडं, मग तळ्याकडं बघितलं. "लिहिलेलं नाही," ते म्हणाले.

"मंग आमच्या घरची दोन नावं लिवा. यक ह्येंचं, यक माजं."

आठ दिवस गंगम्मानं घर पेटल्यासारखं सगळ्यांना राबवलं. आंबील आंबायला घातली. बाजरीचे उंडे केले, धपाटी थापली. भज्जीसाठी चाकवत, चुका, मेथी, तुरीचे ओले दाणे, वाटाणे, बोरं, चिंच, जे हाताला लागेल ते. नागम्मा, तिची धाकटी सून, विचारायला लागली, "अत्ती, पूजा दोघांचीच, आन सैपाक येवडा?"

"साठ जण कुणाचे हायेत गं? गावचेच न्हवं? त्येंची बी येळवसच हाय. वेठीला धरली म्हणून काय उपाशी मरत्याल?"

तिचा बेत साधा होता. हाका तिकडच्या टोकाला सुरू होईल. आपण जरा पुढं सटकायचं, ज्वारीत कोप उभी करायची, पाच दगडांना चुना लावून पूजा करायची, निवद दाखवायचा आणि गुपचूप रांगेत येऊन उभं राहायचं. कुणाला पत्ता लागायचा नाही. अडचण एवढीच, की पिकाभोवती आंबील शिंपडताना घरच्या पुरुषानं मोठ्यानं हाक द्यायची, ही येळवशीची रीत. कल्याणप्पाला तिनं दहादा बजावलं, "तोंडातनं चकार काढायचा न्हाय. आंबील शिपडा, पर मुक्यानं."

"व्हय."

"काय व्हय? काय करायचं, सांगा."

"मुक्यानं शिपडायचं."

अमावस्येला उजाडताना हाकारे निघाले. साठ माणसं, प्रत्येकाच्या डोक्यावर कडब्याची पेंढी. कोठीच्या शिकाऱ्यानं हटकलं, हे काय? गंगम्मा म्हणाली, "आडोश्याला. पाखरू मानसाला बुजतंय, कडब्याला न्हाय." शिकाऱ्याला ते पटलं. मागून नागम्मा आणि आणखी चार बाया पाट्या घेऊन. त्या कोण? हाकाऱ्यांचं पाणी.

ओढ्याच्या काठानं साहेब आणि त्याचे आठ पाहुणे बंदुका घेऊन ओळीनं उभे राहिले. रान मधे, हाकारे पलीकडं. हाकाऱ्यांनी एका रेषेत ओरडत यायचं आणि पाखरं बंदुकांवर घालायची, इतकी सोपी गोष्ट.

हाका सुरू व्हायच्या आत गंगम्मा ज्वारीत शिरली. पाच पेंढ्यांची कोप उभी राहिली. चुन्याचे पाच पांडव आणि लक्ष्मी मांडली, हळदकुंकू वाहिलं, वरून शाल घातली. निवद दाखवला. गळ्यातल्या लिंगावर हात ठेवून तिनं डोळे मिटले आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तिला मोकळा श्वास आला. झालं. रान राहिलं.

कल्याणप्पा डोक्यावर घोंगडं घेऊन, हातात आंबिलीचं मडकं घेऊन पिकाभोवती निघाला. दहा पावलं मुक्यानं गेला. अकराव्या पावलाला, कसं झालं ते त्यालाही पुढं सांगता आलं नाही, पन्नास येळवशींचा गळा त्याच्या आतून फुटला.

"ओलगे, ओलगे, सालम पलगे!"

"मेले गं बाई," गंगम्मा म्हणाली.

हाकाऱ्यांची रांग नुकतीच सुटली होती. साठ माणसं, साठांची येळवस बुडालेली, आणि समोरून ही हाक! रांगेचं टोक आपसूक उजवीकडं वळलं. "ओलगे, ओलगे, सालम पलगे!" साठ गळ्यांनी जाब दिला. लहानपणापासून त्या हाकेला पाय एकाच वाटेनं गेले होते, पिकाभोवती फेरा धरायचा; सरळ रेघेत जायचं म्हणून कुणी बघितलंय? आणि लक्ष्मीचा फेरा तोडून मधून आडवं कोण जाणार? माणसांचं रिंगण झालं. ओढ्याच्या बाजूनं ओरडत माणसं आली, तशी पाखरं बंदुकांकडं जायची ती उलटी फिरली. तितर, लाव्हे, भुर्र करून सगळा थवा डोंगर ओलांडून तेरखेड्याच्या दिशेला गेला. सशांनीही तीच वाट धरली.

एक बार झाला नाही.

"सांगितलं व्हतं मुक्यानं!" गंगम्मानं नवऱ्याचं घोंगडं धरलं. "जल्मात कदी तोंड उघडलं न्हाय, आन आजच हौस आली?"

"आगं, आपोआप..."

"आपोआप! आता त्यो येईल आपोआप!"

तो आलाच. बंदूक खांद्यावर, तोंड गुलाबासारखं लाल, मागं आठ पाहुणे आणि सगळ्यात शेवटी नारायणराव धोतर सावरत. साहेब काय ओरडत होता ते कुणाला कळलं नाही, ते त्याच्या मुलखाचं होतं. रिंगण जागच्या जागी थांबलं. साठ माणसांनी माना खाली घातल्या.

गंगम्मा पदर खोचून भांडायला पुढं झाली. पण साहेब कोपीच्या पुढ्यात उभा होता, आणि येळवशीच्या कोपीपाशी आलेल्या माणसाशी उपाशीपोटी भांडता येत नाही. ही रीत. तिला ती त्या घडीला मुळीच पसंत नव्हती.

"तात्या, ह्यास्नी सांगा, भांडान जेवल्यावर. आदी बसा म्हणावं. बंदुका तिकडं लिंबाखाली. आन जोडे बी काढा, लक्ष्मी हाय हितं."

नारायणरावांनी सांगितलं. साहेब पाहतच राहिला. मग, का कोण जाणे, वाकून बुटाचे बंद सोडायला लागला. साहेबानं काढले म्हणून पाहुण्यांनीही काढले. साहेबाच्या डाव्या मोज्यातून अंगठा बाहेर आलेला सगळ्या गावानं बघितला.

पळसाच्या पानावर तिनं भज्जी वाढली, उंडा कुस्करला, वर तेल सोडलं. आंबील हातात दिली. साहेबानं एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. आंबिलीचं गाडगं तोंडाला लावलं ते तळ दिसेपर्यंत खाली आणलं नाही. मिशा पांढऱ्या झाल्या.

"हर साल करते?" त्यानं विचारलं.

"हर साल. माज्या सासूनं केली, तिच्या सासूनं केली. चुकत न्हाय."

साहेब पाच दगडांकडं पाहत राहिला. मग रिकामं गाडगं पुढं केलं, "और."

गंगम्मानं आंबील ओतली आणि नारायणरावांकडं वळून मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "पूजा झाली का न्हाय, तात्या? कुणाफुडं झाली?"

"साहेबांच्या पुढ्यातच हो," नारायणराव म्हणाले. "त्यांच्या मिशांना आंबील आहे."

साहेबानं मिशा पुसल्या. झुडपांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही. साठही जण बसले, पाहुण्यांच्या पंगतीत. नागम्मा वाढून वाढून दमली.

संध्याकाळी गंगम्मा तळ्यावर मडकी घासत असताना नारायणराव पुन्हा आले. तिनं मान वर न करता विचारलं, "आता काय जळालं?"

"साहेब म्हणतात, बापाच्या रानात शिकारीच्या दिवशी सगळ्यांचं जेवण रानातच व्हायचं. तेवढं इथं राहून गेलं होतं. तेव्हा आजपासून दरसाल शिकार दुसऱ्या दिवशी, आणि येळवशीला कोठीचे सगळे पाहुणे तुमच्या कोपीवर."

"सगळे?"

"पुढच्या साली वीस येतील म्हणाले. मेमसाहेबही. आणि ते भज्जीत बोरं जास्त घाला म्हणाले."

गंगम्मानं हातातलं मडकं खाली ठेवलं. बांधावर कल्याणप्पा बसला होता. दिवसभर ओरडून त्याचा घसा बसला होता आणि तोंडावर कसलं तरी समाधान होतं. तिनं त्याच्याकडं रोखून बघितलं.

"ऐका. वीस जण. बोरं जास्त. आन ह्ये सगळं तुमच्या नरड्यापायी."

त्याला उत्तर द्यायचं होतं, पण आवाज निघेना.

"आता बरं मुकं बसता येतंय," ती म्हणाली, आणि पुढचं मडकं घासायला घेतलं.