पायाळू सून

"लाव ना वं पाय! पाहून काय राह्यली?" शकुबाई सुनेवर ओरडली.

नीलिमा पाय धुऊन ओसरीत उभी होती. खाली चटईवर तिचे सासरे लटारू पालथे पडले होते. मान एका बाजूला वळलेली आणि तिथेच अडकलेली. शेजारच्या चार बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या. सासऱ्याच्या मानेला सुनेनं पाय लावायचा, ही काही रोज बघायला मिळणारी गोष्ट नव्हती.

पण नीलिमा पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. अशा माणसाचा पाय लागला की लचक पळते, हे त्या गावात कुणालाही विचारा. लग्न होऊन आली तेव्हा शकुबाईनं तिच्या स्वयंपाकात खोट काढली, बोलण्यात काढली, चालण्यात काढली. पायात मात्र तिला खोट काढता आली नाही. थेट धानोऱ्याकडची माणसं कंबर धरून दारात येत आणि सरळ चालत जात. ते पाहून सासूचा आवाजही जरा खाली आला होता. या घरात नीलिमाची जी काही पत होती, ती तेवढ्या पावलाची होती.

तिनं डोळे मिटले आणि अंगठा सासऱ्याच्या मानेला टेकवला. एकदा, दोनदा, तीनदा. मान लाकडासारखी ताठ होती.

"आता?" शकुबाईनं विचारलं.

"बरं वाटून राह्यलं," लटारू चटईला गाल टेकूनच म्हणाले.

शेजारची इतवारी पुढे सरकली. "डुक्कर लय मोठं होतं का वं?"

"हो," नीलिमा म्हणाली आणि पाणी आणायचं निमित्त करून आत पळाली.

डुक्कर नव्हतंच. सासऱ्यांना स्कूटीवर मागे बसवून ती वडशाला निघाली होती. हँडलखालच्या खिशात ठेवलेला मोबाइल वाजला. बहिणीनं दोन साड्यांचे फोटो पाठवले होते. जांभळी घेऊ की हिरवी, एवढंच विचारलं होतं. नीलिमानं खाली पाहिलं, आणि वर पाहिलं तेव्हा धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर पुढ्यात उभा होता. तिनं करकचून ब्रेक दाबले. गाडी थांबली, पडलीही नाही; पण मागच्या म्हाताऱ्याची मान सपकन पुढे गेली आणि तशीच झटक्यानं मागे आली.

घरी ती तोंड उघडायच्या आत लटारूच बोलले, "रानडुक्कर आडवं आलं. पोरीनं गाडी सावरली, नाई त आज मी गेलोच होतो."

ट्रॅक्टरमागची काळी ताडपत्री म्हाताऱ्याला डुकरासारखी दिसली असेल, अशी नीलिमानं मनाची समजूत घातली आणि झाकली मूठ झाकलीच ठेवली. गावात तिचं कौतुक झालं. चंद्रपूरला कामावर असलेला तिचा नवरा अजय फोनवर "शाब्बास" म्हणाला. त्या एका शब्दानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. घरात पायाळू असताना दवाखाना कशाला? रोज सकाळी पाय लागत राहिला आणि लटारू रोज बरं वाटतं म्हणत राहिले. रात्री कूस बदलताना मात्र त्यांचं कण्हणं भिंतीपलीकडे ऐकू यायचं. आपण बोलायला हवं, हे तिला कळत होतं. पण डुकराचं खरं सांगितलं तर तोंड दाखवायला जागा नाही, आणि पायाचं खरं सांगितलं तर घरात जागा नाही.

मग एका सकाळी लटारूंच्या हातातून चहाचा कप निसटला.

"काई नाई. बोटाइले मुंग्या येऊन राह्यल्या," ते हात झटकत म्हणाले.

शकुबाई शेतावर गेली होती. कपाचे तुकडे वेचता वेचता नीलिमा थांबली.

"मामाजी, डुक्कर नव्हतं."

"माईत हाये मले."

तिनं चमकून वर पाहिलं.

"मी मागंच बसलो होतो ना. तुह्या खांद्यावरून साडी मलेबी दिसली. जांभळी चांगली होती."

"मंग डुक्कर काऊन सांगतलं?"

"डुकराले सासू नसते," लटारू म्हणाले. हसायला गेले आणि मान धरून कळवळले.

"आनि पायानं बरं वाटते म्हनता, ते?"

लटारूंनी कपाचा एक राहिलेला तुकडा पायानं तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "मी दवाखान्यात गेलो त लोकं म्हनतीन, घरच्याच मानसाले गुन नाई आला. मंग तुह्या पायाले कोन विचारते? राहू दे. जाईन दुखनं."

आपलं नाव राहावं म्हणून हा माणूस रोज आपल्या पायाखाली मान देत होता. नीलिमाला स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती. तिला रडू फुटलं, आणि तिनं डोळेही पुसले नाहीत.

शकुबाई शेतावरून आली ती इतवारीला घेऊनच, म्हणजे अख्ख्या गावाला घेऊन आली म्हणायची. तरी नीलिमा थांबली नाही.

"आई, डुक्कर नव्हतं. मी मोबाइल पाहून राह्यली होती. माह्या पायानं काईच फरक नाई. मामाजीले दवाखान्यात न्या लागते, आत्ताच."

शकुबाईनं हातातला विळा खाली टाकला. मग म्हणाली, "धुतलेलं धोतर काढ मामाजीचं." बाकीचं तिनं गडचिरोलीपर्यंत जीपमध्ये ऐकवलं. नीलिमानं सगळं ऐकून घेतलं, आणि ऐकताना तिला कितीतरी दिवसांनी जरा मोकळं वाटलं.

झटक्यानं मानेतली नस दबली आहे, लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. गळ्याला पट्टा आला. मानेचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं बजावलं, मान कुणाला मोडू द्यायची नाही, दाबू द्यायची नाही. आपली आपण हळूहळू वळवायची. नीलिमा रोज समोर बसून सासऱ्यांकडून ते करून घेऊ लागली. बोटांच्या मुंग्या गेल्या. मान मात्र पुरती वळली नाही, आणि आता वळणारही नव्हती.

पायासाठी तिच्या दारात आता कुणी येत नाही. लटारूंना रस्त्यात मागून हाक आली की ते थांबतात, सगळं अंग फिरवून बघतात आणि मग ओळख देतात. गावाला त्याची सवय झाली आहे. नीलिमा त्यांना मागून हाक मारत नाही. ते अंगणात पाठमोरे बसलेले असले, तर गोठ्याला वळसा घालून ती त्यांच्या समोर येते, आणि मग म्हणते, "मामाजी, जेवाले चला."