कल्हईवाल्याच्या खुनाची साक्ष

गिरणी चालू असली की शालूला गल्लीतलं काही ऐकू येत नसे. पट्ट्याची फटफट आणि दगडांची घरघर कानात एवढी भरून राहायची, की समोर उभं राहून दळण मागणाऱ्या बाईचेही नुसते ओठच हलताना दिसायचे. म्हणूनच त्या दिवशी कसबा पेठेत, भर दुपारी, माणसावर पडणारे घाव तिने आधी पाहिले. ऐकले मागाहून.

गल्लीच्या तोंडाशी एक धिप्पाड तरुण हातात तांब्याचा हंडा घेऊन उभा होता. पांढराशुभ्र शर्ट, गळ्यात सोन्याची जाड साखळी. दोन मोटरसायकलींवरून तिघेजण त्याच्यामागे येऊन थांबले. मागे बसलेला पिवळ्या टी-शर्टातला उतरला, शर्टाआडून कोयता काढला आणि एखाद्या ओळखीच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवावा तितक्या सहजपणे त्याने तो त्या तरुणाच्या खांद्यात घातला. हंडा पडला, गडगडत गेला. आवाज नाही. पांढरा शर्ट एका बाजूने लाल होत गेला. दुसरा घाव तरुणाने हातावर घेतला आणि तो हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळला.

शालूने बटण बंद केलं. दगड थांबता थांबता गल्ली तिच्या कानात शिरली, आणि पहिल्यांदा ऐकू आली ती शटरं. खडाखड, एकापाठोपाठ एक. भांडेवाला, मसालेवाला, बांगड्यांचं दुकान. ज्याला जसं जमेल तसा जो तो स्वतःला आत कोंडून घेत होता.

"शालू, शटर पाड! बघत काय बसलीस?"

समोरून अल्लाबक्षचाचा ओरडले. चाचा कल्हईवाले. सत्तरी ओलांडलेले. रस्त्याच्या कडेला भट्टी पेटवून पातेल्यांना कल्हई करणं हाच त्यांचा जन्माचा धंदा. शालू लग्न होऊन या गल्लीत आली, तेव्हापासून समोर चाचा आणि त्यांची भट्टी होतीच. सासऱ्यांच्या माघारी तिने गिरणी हातात घेतली, तेव्हा "बाईमाणसाला झेपायचं नाही" असं सगळी गल्ली म्हणाली. चाचा मात्र दुसऱ्याच दिवशी दळणाचा डबा घेऊन आले होते.

शालूने शटरला हात घातला. ते अर्धं खाली आलं, तेवढ्यात तो तरुण धडपडत येऊन तिच्या पायरीवरच कोसळला. मागून पिवळा टी-शर्ट येत होता. पळत नव्हता, चालत होता. शालूने पुढचा-मागचा काही विचार केला नाही. तिने त्या तरुणाची कॉलर धरली, पिठाचं पोतं ओढावं तसं त्याला आत ओढलं आणि शटर खाली खेचलं.

कडी लागेना. शटरच्या खालच्या पट्टीखाली त्याच्या पायातून निघालेला बूट अडकला होता. बोटभर फट राहिली. शालू दोन्ही पायांनी पट्टीवर उभी राहिली.

पहिला घाव शटरवर पडला तेव्हा सगळा पत्रा घंटेसारखा वाजला. मग दुसरा, तिसरा. मग अचानक शांतता, आणि फटीतून कोयत्याचं टोक आत आलं. ते आडवं फिरलं. डाव्या पायात आग उसळली. तिने खाली पाहिलं. करंगळी नुसत्या कातड्यावर लोंबत होती. पाय उचलला तर शटर वर जाणार, एवढंच तिला कळत होतं. तिने पाय उचलला नाही. लुगड्याचा पदर दातात धरला आणि डोळे शटरच्या वरच्या भागातल्या जाळीला लावले.

"अरे, आत बाई आहे! बाई आहे आत, सोडा!"

जाळीतून तिला चाचा दिसले. त्यांचं दुकान सताड उघडं होतं. आत जायला एक पाऊल पुरेसं होतं. पण ते पुढे आले होते. त्यांच्या हातात भट्टीतलं फावडं होतं आणि त्यावर लालभडक निखारे. त्यांनी ते सरळ त्या तिघांच्या पायांवर उधळले. एकजण किंचाळत बसला. दुसरा पॅन्ट झटकत मोटरसायकलकडे पळाला. पिवळा टी-शर्ट मात्र वळला. त्याने म्हाताऱ्याकडे क्षणभर पाहिलं, जसा कुणी वाटेतल्या दगडाकडे पाहतो, आणि मानेवर वार केला. एकच. चाचा भट्टीवर पडले. रक्त निखाऱ्यांवर पडून चर्र झालं, वाफ उठली. तो वास शालूच्या नाकातून पुढे कित्येक महिने गेला नाही.

तिने शटर उघडलं तेव्हा मोटरसायकली गेल्या होत्या. लंगडत जाऊन तिने चाचांना भट्टीवरून ओढलं. त्यांची दाढी एका बाजूने जळाली होती. डोळे उघडे होते, पण चाचा त्यांच्यात नव्हते. गल्लीतली शटरं हळूहळू, वीतभर, हातभर वर होऊ लागली.

तो तरुण वाचला. त्याचं नाव जयसिंग. हडपसरच्या एका जमीनदार घरातला. शेतं गेली, तिथे इमारती आल्या, आणि त्या इमारतींच्या जागांवरून जयसिंगची एक टोळी आणि भैरूची दुसरी अशी कापाकापी कित्येक वर्षं चालली होती. बहिणीच्या लग्नासाठी तांब्याची भांडी घ्यायला तो कसब्यात आला होता, एवढंच. पिवळा टी-शर्ट म्हणजे भैरू.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं: 'टोळीयुद्धातून हल्ला, एक ठार, एक गंभीर.' चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, "कल्हईवाला पण त्यांच्यातलाच असणार. उगीच कुणी मरतं का?" शालू पायाला पट्टी बांधून तिथेच दूध घ्यायला आली होती. ती म्हणाली, "हो ना. म्हणूनच तुम्ही शटर पाडून आत बसलात आणि ते बाहेर आले, नाही का?" त्या माणसाने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि पैसे टाकून निघाला.

फौजदार बाई जबाब घ्यायला आल्या, तेव्हा साऱ्या गल्लीने काहीच पाहिलं नव्हतं. कुणी वर जेवत होतं, कुणाला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं. दवाखान्यात जयसिंगनेही हात वर केले. म्हणाला, "तोंडं बांधलेली होती. ओळखलं नाही."

"खोटं," शालू म्हणाली. "तिघांचीही तोंडं उघडी होती. मी ओळखेन."

त्या संध्याकाळी तिचा नवरा संभाजी जेवलाच नाही. तो बसवर ड्रायव्हर. दिवसभर गर्दीतून गाडी काढणारा शांत माणूस. "सगळी पेठ आंधळी झाली आणि तू एकटी डोळस," तो म्हणाला. "उद्या ते परत आले तर?"

"चाचांनी ओरडून सांगितलं ना, आत बाई आहे म्हणून? मग त्या बाईने आता आतच बसून राहायचं का, सांगा तुम्ही."

काही दिवसांनी भैरू पकडला गेला, तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात ओळख परेडला संभाजी तिच्याबरोबर गेला आणि बाहेर उभा राहिला. शालूने रांगेतल्या भैरूकडे बोट केलं. लिहून होईपर्यंत तिने ते खाली केलं नाही.

मग आनंदीबाई आली. जयसिंगची आई. मोठ्या गाडीतून उतरली, नारळ आणि भरजरी साडी घेऊन. शालूचे पाय धरायला वाकली, तेव्हा शालूने तिला धरून बसवलं.

"माझं लेकरू तुझ्यामुळं जित्तं हाय, बाई," आनंदीबाई रडत म्हणाली. "आता एक कर. साक्षीचं काढून टाक डोक्यातनं. जयसिंग म्हनतोय, कोर्टाचं काय काम न्हाई. त्यो भैरू सुटून भाईर आला, की आमची पोरं बघून घेतील."

"म्हणजे कुठल्या तरी चौकात पुन्हा हेच."

"त्यांच्या त्यांच्यातलं हाय ते."

"चाचा कुणाच्यातले होते हो?" शालूने विचारलं. "नाव माहीत आहे तुम्हाला त्यांचं?"

आनंदीबाई गोंधळली. तिला नाव माहीत नव्हतं. शालूने साडी उचलून तिच्या मांडीवर परत ठेवली. "तुमचा मुलगा जिवंत आहे, त्याचा मला आनंद आहे. पण ही साक्ष त्याच्यासाठी नाहीच."

शालूच्या रक्षणासाठी गल्लीत दिलेला पोलीस महिन्याभरात दिसेनासा झाला. उन्हाळा लागला, पापडाची दळणं सुरू झाली. एके दिवशी भर अकराच्या उन्हात एक पोरगा गव्हाची पिशवी घेऊन गिरणीत आला. विशी-बाविशीचा, मिसरूड फुटलेली. गिरणी चालू होती. त्याने पिशवी काट्यावर ठेवली, हात आत घातला, आणि गव्हातून कोयता वर आला.

शालूने पहिला वार हातावर घेतला. कोपरापासून मनगटापर्यंत मांस उघडं पडलं. तिने दुसऱ्या हाताने हाताला लागेल ते उचललं. ते पाच किलोचं लोखंडी वजन होतं. ते तिने त्याच्या तोंडावर घातलं. दात पिठात पडले. तो मागे कोलमडला, पायरीवरून गल्लीत गेला, कोयता हातातून सुटला. आणि या वेळी काय झालं कोण जाणे, काही शटरं पडली, पण सगळी पडली नाहीत. भांडेवाला लाकडी हातोडा घेऊन आला. मसालेवाला खलबत्त्याचा बत्ता घेऊन. बांगड्यांच्या दुकानातली बाई नुसत्याच चपलेने. बाहेर मोटरसायकलवर थांबलेला त्याचा साथीदार पळाला. खाली पडलेला पोरगा मात्र सापडला.

त्यांनी त्याला मारलं. आधी हातावर, मग पाठीवर, मग कुठेही. टपरीवरचा तो माणूसही लाथ घालून गेला. जितकी भीती इतके महिने गिळली होती तितकी प्रत्येकजण बाहेर काढत होता. शालू दाराशी आपला हात आवळून उभी होती. रक्त बोटांवरून ठिबकत होतं. तिला बघून बरं वाटत होतं. हे तिला नंतर स्वतःपासून लपवता आलं नाही; खरंच बरं वाटत होतं. मग पोराने चेहरा वर केला. एका डोळ्याच्या जागी नुसता लाल चिखल होता, आणि ओठ "आई, आई" असे हलत होते.

"पुरे!" ती ओरडली. गिरणीच्या घरघरीत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. ती तशीच गर्दीत घुसली, भांडेवाल्याचा हातोडा दोन्ही हातांनी धरला. तिच्या रक्ताने त्याचा सदरा भिजला तेव्हा तो थांबला. बाकीचेही थांबले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं.

भैरूच्या टोळीतला तो पोरगा जगला. एक डोळा कायमचा गेला.

खटला उभा राहायला दोन पावसाळे गेले. शिवाजीनगरच्या कोर्टातही जयसिंगने अंग काढून घेतलं. आपल्यावर वार कुणी केले ते ओळखलं नाही, म्हणाला. मग शालूची पाळी आली. आरोपीचे वकील हसतमुख होते.

"आपण ज्याला आत घेतलंत, त्याच्यावर किती गुन्हे आहेत, माहीत होतं का?"

"रक्तावर लिहिलेलं नव्हतं, साहेब."

"आपल्याच गल्लीत एका तरुणाचा डोळा फोडला गेला. तेव्हा आपण उभ्या राहून पाहत होतात. खरं?"

संभाजीने मान खाली घातली.

"खरं," शालू म्हणाली. "मी उशिरा थांबवलं. त्याचं मला वाईट वाटतं. पण अल्लाबक्षचाचांच्या मानेवर वार या माणसाने केला. तेही मी पाहिलं. एक खरं आहे म्हणून दुसरं खोटं होत नाही."

भैरूला जन्मठेप झाली. त्याला नेताना त्याने वळून शालूकडे पाहिलं आणि नुसता हसला. ते हसू तिला आजही आठवतं. गिरणीत अनोळखी माणसाने पिशवी ठेवली, की ती आधी त्याला पिशवी उलटी करायला सांगते. काहींना राग येतो. येवो.

कोर्टाच्या फाटकाबाहेर चाचांची मुलगी परवीन तिची वाट पाहत होती. इतक्या तारखांना ती आली, पण कधी रडलेली कुणी पाहिली नव्हती. तिने शालूचा जखमेचा हात हातात घेतला, व्रणावरून अंगठा फिरवला.

"शालूताई, अब्बा असते ना, तर आधी तुम्हाला शिव्याच घातल्या असत्या. शटर पाड म्हटलं होतं, पाडलं का नाहीस म्हणून."

"आणि मी म्हटलं असतं, तुम्ही तरी कुठे पाडलंत?"

परवीन हसली. आणि हसता हसता ती तिथेच, वकिलांच्या आणि रिक्षांच्या गर्दीत, शालूच्या खांद्यावर डोकं ठेवून मोठमोठ्याने रडू लागली. शालूने तिला धरून ठेवलं. संभाजी दोघींच्या आडोशाला, लोकांकडे पाठ करून उभा राहिला.