हलकं स्टिअरिंग

थावरा बापूंचा उजवा खांदा आखडला तेव्हापासून अँबेसिडर तांड्याच्या उतारावर लिंबाखाली उभी होती. गाडी तशी ठणठणीत. इंजिन पहिल्या हाकेला ओ द्यायचं, ब्रेक पक्के होते. पण डिझेल इंजिनाचं सगळं ओझं पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग वळवायला दोन्ही हातांचं बळ लागायचं, आणि बापूंचा एक हात आता खांद्याच्या वर जात नव्हता. तांड्यातल्या निम्म्या नवऱ्या ज्यांनी सासरी पोचवल्या, अडलेल्या बाया वेळेवर दवाखान्यात नेल्या, ते बापू रोज सकाळी गाडी पुसायचे आणि परत ओट्यावर येऊन बसायचे.

मोठ्या मुलाने, प्रेमदासने, भंगारवाल्याशी बोलून ठेवलं होतं. उभी गाडी गंजते आणि तिच्याकडे बघून बापू झुरतात, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याची बहीण निलम हिंगोलीच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायची. ती घरी आली तेव्हा वाद न घालता तिने मुदत मागितली. येत्या रविवारी बापूंनी स्वतः गाडी औंढ्याला नेली तर गाडी राहील. नाही नेली तर ती आडवी येणार नाही. प्रेमदास कबूल झाला.

आखाडा बाळापूरच्या विश्वंभर मिस्त्रीला तिने काय हवं ते समजावून सांगितलं. अपघातात गेलेल्या एखाद्या छोट्या नव्या गाडीचं मोटर असलेलं स्टिअरिंग काढायचं, त्याचा दांडा कापून जुन्या दांड्याशी जोडायचा, आणि मोटरला हुकूम देणारा एक वेगळा डबा डॅशबोर्डखाली बसवायचा. चालक चाकाला किती जोर लावतो ते दांड्यातलं एक यंत्र मोजतं, आणि त्या बेताने मोटर मदत करते. विश्वंभर म्हणाला, म्हातारीला नवे गुडघे बसवायचे म्हणा की. पण काम त्याने जीव लावून केलं. जोड त्याने असा भरला की निलमने भिंग लावून पाहिला तरी खोट सापडली नाही. जुना डायनामो मोटरला पुरणार नाही, हे त्यानेच ताडलं आणि मोठा बसवला. कापूस तोलायचा काट्याचा हूक स्टिअरिंगला अडकवून निलमने आधीची आणि नंतरची ओढ मोजली. आता एका हाताने, कोपर न उचलता, चाक फिरत होतं.

शनिवारी संध्याकाळी विश्वंभरने स्वतः गाडी तांड्यावर आणली. रस्त्याने सुतासारखी सरळ आली. बापूंनी नेहमीसारखी ती लिंबाखाली लावून घेतली.

रविवारी सकाळी बापू धुतलेलं धोतर नेसून गाडीत बसले. बाजूला विश्वंभर, मागे निलम आणि प्रेमदास. तांड्यातली माणसं ओट्यांवरून बघत होती. गाडी डांबरी सडकेला लागली आणि डावीकडे ओढू लागली. बापूंनी उजवीकडे सावरली. ती पुन्हा डावीकडे. चाक हलकं होतं, पण ऐकत नव्हतं. नालीच्या कडेला बापूंनी ब्रेक दाबला आणि इंजिन बंद केलं.

विश्वंभरने जागा बदलून घेतली, चावी फिरवली आणि गाडी पुढे नेऊन वळवून आणली. कुठेही ओढली नाही.

"गाडी मालकावर रुसून राहिली, दुसरं काही न्हाई," तो म्हणाला.

बापू खांदा चोळत सडकेच्या कडेला उभे होते. "गाडीत दोष न्हाई," ते शांतपणे म्हणाले. "हात गेला माझा. प्रेमदास, लाव तुझ्या माणसाला फोन."

प्रेमदासने फोन काढला, पण लगेच लावला नाही.

निलमला बापूंच्या हातावर शंका नव्हती. आखडलेला खांदा गाडी ओढत नाही, आणि यंत्र माणूस बघून वागत नाही. एकाच गाडीने दोघांना दोन उत्तरं दिली असतील, तर दोघांनी काहीतरी वेगळं केलं होतं. ते शोधायचं, बस. तिने गाडी पुन्हा लिंबाखाली नेऊन लावायला सांगितली आणि बापूंना म्हणाली, काल रात्री आणि आज सकाळी जे जे केलं ते सगळं तसंच परत करा, काही वगळू नका.

बापूंनी खांद्यावरचा गमछा काढला, त्याचं एक टोक स्टिअरिंगला आणि दुसरं उजव्या दाराच्या चौकटीतल्या कडीला करकचून बांधलं. उतारावर गाडी लावली की चाकं आपसूक वळू नयेत म्हणून ते कायम असंच करायचे. बैल उभा केला की कासरा खुंटीला गेलाच पाहिजे, तसं. मग ते उतरले, दार लावलं, पुन्हा आत बसले. चावी फिरवली. इंजिन सुरू होण्याआधी डिझेल गाडीचा हीटर तापायला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात त्यांनी सवयीने गमछा सोडला, खांद्यावर टाकला आणि मग स्टार्टर मारला.

"बापू, बंद करा," निलम म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण विश्वंभरने चमकून तिच्याकडे पाहिलं.

चावी फिरली की तो डबा आधी दांड्यावरचा ताण मोजतो आणि त्यालाच शून्य धरतो, हे तिला ठाऊक होतं. ती म्हणाली, बाजारात काट्यावर बारदान ठेवून आकडा शून्यावर आणतात, मग बारदान उचललं की काटा उणे दाखवतो ना, तसंच. गमछा चाकाला उजवीकडे ओढत होता आणि डब्याने ती ओढच शून्य मानली. गमछा सुटला, की त्याच्या हिशेबाने कुणीतरी चाक डावीकडे ढकलत होतं, आणि मोटर बिचारी त्याला मदत करत होती.

बापूंनी गमछ्याकडे पाहिलं. "म्हंजे इतकी वर्षं आमी उलटं करून राहिलो?"

"उलटं नव्हतं. तवा गाडी मोजत नव्हती. आता मोजते. आधी गमछा सोडायचा, मग चावी."

विश्वंभर कपाळाला हात लावून म्हणाला की पुढच्या गिऱ्हाइकाला तो आधी गमछा आहे का विचारेल.

या वेळी निलम पुढे बापूंच्या बाजूला बसली, बाकी दोघे मागे. बापूंनी चावी फिरवली. हीटर तापेपर्यंत हातांना काही काम नव्हतं, म्हणून ते नुसते मांडीवर ठेवले. मग इंजिन सुरू झालं. सडकेवर गाडी सरळ निघाली. पुढे अरुंद पुलाच्या अलीकडे उसाची ट्रॉली आडवी उभी होती. बापूंनी डाव्या हाताने गाडी मागे घेतली, वळवली, बाजूने काढली. उजवा हात मांडीवर होता. वेग वाढला तसं निलमने पुढे वाकून डब्यावरचं, मदत कमी-जास्त करायचं बटण थोडं फिरवलं, मोकळ्या रस्त्यावर चाक फार सैल वाटू नये म्हणून.

प्रेमदासचा फोन वाजला. भंगारवालाच होता. काय सांगू, म्हणून त्याने आरशात बापूंकडे पाहिलं.

"सांग," बापू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "गाडी घरी न्हाई. औंढ्याला गेली."