धोळीचा तुकडा

धोळीनं मान झटकली आणि शिंगाच्या बुडातला पू जिवनबाईच्या गालावर उडाला. तिनं तो पुसला, हात भिंतीला घासला. गाईचं डावं शिंग लोंबत होतं. बुडाशी फुलकोबीसारखं लालसर मांस वर आलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

"याडी, सोड तिला रानात. तांड्यात कोनाला भाकर ग्वाड लागंना," तिचा मुलगा देविदास नाकावर दस्ती धरून लांबूनच म्हणाला.

"तिच्याच दुधावर वाढलास की रं. तवा बरं ग्वाड लागलं!"

डोंगरकडा गावच्या जनावरांच्या दवाखान्यातून आलेली साधना डॉक्टर मात्र त्या मांसाजवळ डोळे नेऊन पाहत होती. "शिंगाचा कॅन्सर म्हाताऱ्या बैलांना होतो, मावशी. गाईला फार क्वचित. नुसती सडलेली जखमही असू शकते, बघून सांगता येत नाही. तुकडा परभणीला तपासू. कॅन्सर निघाला तर शिंग मुळापासून काढू. वाचेल."

सुई टोचून तिनं शिंगाची मुळी बधिर केली, तुकडा कापला, पाण्यासारख्या औषधात बुडवला आणि बाटली देविदासकडे दिली. "उद्या सकाळच्या गाडीनं न्या. उघडू नका."

संध्याकाळी बाटली पिठाच्या डब्याशेजारी होती. झाकण सैल असावं. भाकरी थापताना जिवनबाईचे डोळे चुरचुरले, घशाशी कडू पाणी आलं. धोळीच्या सडक्या वासाला ती सरावली होती. हा वास जनावराचा नव्हता, मातीचा नव्हता. असल्या विखात धोळीचं मांस ठेवायचं? तिनं ते उकिरड्यावर ओतलं, तुकडा धुतला, कडुलिंबाच्या पाण्यात टाकून झाकण आवळलं.

परभणीहून निरोप आला : तुकडा कुजलाय, काही दिसत नाही.

"औषध कुठं गेलं, मावशी?"

"म्याच वतलं, माय. लई घान मारून राहिलं व्हतं."

"घाण?" साधना म्हणाली. इतके दिवस पू-अळ्यांत हात घालताना तिच्या तोंडावर न दिसलेली किळस आता दिसली. जिवनबाईनं मान खाली घातली.

दुसरा तुकडा घ्यायला साधना वाकली, तेव्हा धोळीच्या नाकातून रक्ताची तार ओघळली. गाठ आत उतरली होती. साधनानं चाकू परत ठेवला. "आता शिंग काढून उपयोग नाही."

धोळी मेली तेव्हा ओढायला कोणी येईना. देविदासनं ट्रॅक्टर लावला. खड्ड्याच्या काठावर जिवनबाई अडून बसली. "डाक्टरीनबाईला बलाव. आता घे म्हनावं तुकडा. आता तिला दुखत न्हाई."

"आता काहून, याडी?"

"तवाच शिंग काढलं असतं तर वाचली असती का, त्ये मला कळू दे."

साधनानं तुकडा पुन्हा त्याच औषधात बुडवला. या वेळी बाटली घेऊन जिवनबाईच निघाली.

"मावशी, काय हाये त्यात? गाडीभर वास सुटला," कंडक्टर म्हणाला.

"आमची गाय हाये."

शेजारचा माणूस उठून मागं गेला. जिवनबाईच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. पुसायला हात मोकळा नव्हता. झाकणावरचा तळवा तिनं परभणीपर्यंत उचलला नाही.