पितळी मानेचा दिवा

दातांच्या डॉक्टरांनी दवाखाना बंद केला आणि ते दिव्यांच्या नादी लागले. साधेसुधे दिवे नव्हेत. साठ-सत्तर वर्षांपूर्वी डेन्मार्क-स्वीडनमध्ये घडवलेले, टेबलावर ठेवायचे दिवे. काचेच्या कपाटांत असे नऊ होते आणि एकही लावायचा नाही, असा घरात दंडक होता. वायरसुद्धा जुनी, सुती वेष्टणाची, अस्सल. स्वतः डॉक्टर मात्र ट्यूबलाइटखाली डोळे बारीक करून लिलावाच्या याद्या वाचत.

त्यांची थोरली बहीण महिनाभर राहायला आली. ताईंचा उभा जन्म शिवणाच्या वर्गात मुलींकडून काजं गिरवून घेण्यात गेलेला. रिकामं बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. डॉक्टर बँकेत गेले तेवढ्यात त्यांनी कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलावून घेतलं.

डॉक्टर परतले तर त्यांचा सगळ्यांत लाडका, पितळी मानेचा डॅनिश दिवा जेवणाच्या टेबलावर लख्ख पेटलेला. त्याला पांढरी प्लॅस्टिकची वायर. जुनी वायर केराच्या टोपलीत. 

"ताई, अगं, हा पाहायचा दिवा आहे."

"पाहतेच आहे की. सुईचं नाकसुद्धा दिसतंय."

त्यात त्याच दुपारी एक निवृत्त न्यायाधीश नेमका हाच दिवा बघायला यायचे होते. त्यांच्याकडे असे चौदा होते, आणि खोट काढण्यात त्यांचा हात कोणी धरू शकत नसे. डॉक्टरांनी टोपलीतली वायर पुसून हातात धरली आणि दारातच गुन्हा कबूल केला.

न्यायाधीशांनी खिशातून भिंग काढलं, ते दिव्यावर वाकले आणि तसेच थांबले. मग त्यांनी पितळी मान हळूच खाली ओढली. टेबलावर उजेडाचं एक मऊ वर्तुळ पडलं. डोळ्यांवर तिरीप म्हणून नाही. असाच एक दिवा आपल्या घरी वीस वर्षं आहे, पण त्याचा उजेड कसा पडतो ते आज कळलं, असं ते काहीशा ओशाळ्या आवाजात म्हणाले. ताईंनी त्यांच्या बाहीचं लोंबतं बटण हेरलं आणि तिथल्या तिथे टाचून दिलं. जाताना न्यायाधीशांनी वायरमनचा फोन नंबर मागून घेतला.

महिना संपला. ताई निघाल्या तेव्हा डॉक्टरांनी काळजावर दगड ठेवून तो दिवा त्यांच्या पुढे केला.

"नको रे," ताई पिशवीची चेन ओढत म्हणाल्या, "माझ्या घरात खिडक्या आहेत. तुझ्या सगळ्या तू कपाटांनी बुजवल्यास. तुलाच लागेल तो."